तेल बदलण्याआधी तेल मोजा: कोल्हापुरी स्वयंपाकघरासाठी तेला-तुपाचा हिशेब, टप्प्याटप्प्यानं

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आता कुठलं तेल आणायचं?" मग शेंगतेल जातं, सूर्यफूल येतं. सहा महिन्यांनी सूर्यफूल जातं, करडई येते. त्यानंतर कुणीतरी घाण्याचं तेल सुचवतं. एवढं होऊन आकडा असतो तिथंच, कारण पिशवीवरचं नाव बदललं तरी कढईत ओतणारा हात बदललेला नसतो.

चूक क्रमाची आहे. आधी मोजायचं, मग न दिसणारी चरबी शोधायची, त्यानंतर तेल निवडायचं आणि शेवटी रांधायची पद्धत सुधारायची. बहुतेक जण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात.

तयारी

स्वयंपाकघरातला वजनकाटा, औषधाच्या बाटलीवरचं मिलिलिटरच्या खुणांचं झाकण, एक वही आणि घरातला सगळ्यात अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट एवढं जवळ ठेवा. पहिले पंधरा दिवस घरात नवीन तेल आणू नका. हे जड जातं, कारण काहीतरी विकत आणलं की उपाय सुरू झाल्यासारखं वाटतं.

टप्पा १: घरात खरंच किती तेल जातं?

सगळ्यात सोपी रीत म्हणजे डबा फोडला त्या दिवशी त्यावर मार्करनं तारीख लिहायची आणि संपला त्या दिवशी पुन्हा लिहायची. गणित असं: तेलाचे ग्रॅम भागिले दिवस, भागिले माणसं.

आमच्या घरात आम्ही चौघं. पंधरा किलोचा डबा साठ दिवसांत संपला. म्हणजे माणशी रोज साडेबासष्ट ग्रॅम, आणि यात तूप-लोणी धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जो आहार सुचवला, त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी वरून घालायचं तेल-तूप साधारण २७ ग्रॅम आहे. आम्ही दुपटीच्याही पुढं होतो, आणि घरात तीन वर्षं चर्चा मात्र "शेंगतेल बरं की सूर्यफूल" याचीच चालली होती.

एक ग्रॅम चरबी म्हणजे ९ कॅलरी. शेंगतेल असो, साजूक तूप असो की महागडं ऑलिव्ह तेल, हा आकडा तोच. पिठात आणि साखरेत ग्रॅमला ४ कॅलरी असतात. आमच्या साडेबासष्ट ग्रॅमच्या ५६० कॅलरी होतात.

दोन महिने थांबायची तयारी नसेल तर आठवडाभराची बाटली भरा. भरताना वजन, आठवड्यानं वजन, फरक वहीत. पाहुणे आले तर त्यांची डोकी धरा. तळणाचं तेल कढईत उरलं असेल तर त्याचं वजन वजा करा.

आता घरातले चमचे. चहाचा लहान चमचा भरून तेल म्हणजे ५ मिलि, वजनाला साधारण साडेचार ग्रॅम. २७ ग्रॅम म्हणजे असे सहा चमचे. दिवसभराची फोडणी, चपातीवरचं तेल, भातावरचं तूप, ब्रेडवरचं लोणी, सगळं त्या सहात आलं. तुमच्या पळीत किती मावतं ते पाणी भरून औषधाच्या झाकणानं मोजा. पळीचं माप घराघरात वेगळं असतं, त्यामुळं "एक पळी तेल" हे पाककृतीतलं माप मी तरी मानत नाही.

*थांबा:* लिटर आणि किलो एक नव्हेत. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १५ लिटरचा डबा म्हणजे साडेतेरा-पावणेचौदा किलो, आणि १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर मावतं. पिशव्यांचंही तसंच. दिसायला लिटरची वाटते, वाचली की ग्रॅम कमी निघतात. हिशेब छापलेल्या ग्रॅमवरच करा.

*तपासा:* चौघांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन ते साडेतीन किलो येत असेल तर तुम्ही जागेवर आहात. पाचच्या पुढं असाल तर टप्पा ३ वाचायची घाई करू नका, आधी आकडा खाली आणा. एकदम अर्ध्यावर आणलं तर घरात बंड होतं. दर आठवड्याला बाटली थोडी कमी भरा.

टप्पा २: कढईत न ओतलेली चरबी

कोल्हापूरकरांचा हिशेब चुकतो तो इथं. तेल कमी केलं, तूप बंद केलं आणि संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा पेला रिचवला.

म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के चरबी असते. पाव लिटरच्या पेल्यात ती सोळा-सतरा ग्रॅम होते आणि तिचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग संपृक्त (गार झाली की थिजणारी चरबी) असतो, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संपृक्त चरबीतून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हव्यात. २००० कॅलरींना हे साधारण २२ ग्रॅम. दोन पेले दुधात दिवसाची मर्यादा संपली, आणि तुपाचा थेंबही पोटात गेलेला नाही.

दूध सोडा असं म्हणणं नाही. ज्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय त्यानं एक पेला करावा, किंवा तापवून, गार करून, साय काढून प्यावं. आणि ती साय दुसऱ्या दिवशी चपातीबरोबर खाऊ नये. हसू नका, आमच्याकडं हेच चाललं होतं.

"तालमीतले पैलवान तूप-दूध खातातच की" हे वाक्य दर घरात ऐकू येतं. पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारतो, लढती करतो, त्याच्या दिवसाच्या कॅलरीच वेगळ्या. राजारामपुरीतल्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यानं त्याचा खुराक उचलू नये.

बाकीच्या जागा पटापट सांगतो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी, तिळात तेवढीच, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या पुढं. शेंगदाणे-तीळ प्रमाणात चांगलेच. खोबऱ्याची मात्र जवळपास सगळी चरबी संपृक्त. कांदा-लसूण चटणीत कांदा-खोबरं तेलात परतलेलं असतं, म्हणजे चटणी घातली की तेलही पडलं. खारी, नानकटाई, क्रीमरोल यांत मैद्याबरोबर घट्ट चरबी असते. पाकिटावर "हायड्रोजनेटेड" शब्द किंवा वनस्पती तूप दिसलं तर ठेवून द्या.

*तपासा:* एका आठवड्याच्या वहीत दूध, खोबरं, बेकरी आणि बाहेरची मिसळ या चारच गोष्टी लिहा. आठवड्यानं पान उघडलं की कुठं कात्री लावायची ते कुणाला विचारावं लागत नाही.

टप्पा ३: कुठली चरबी शरीरात काय करते, आणि मग तेल

खाल्लेली चरबी आतड्यात पित्तरसानं फुटते आणि रक्तात पोचते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं तिच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत. म्हणून "झिरो ऑइल" हा टोकाचा उपाय मला पटत नाही. पुढचं काम यकृताचं. रक्तातलं एलडीएल यकृत ओढून घेत असतं. संपृक्त चरबी जास्त झाली की ही ओढ मंदावते आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. तिच्या जागी असंपृक्त, म्हणजे पातळच राहणारी, चरबी आली की ते उतरतं. ट्रान्स चरबी, म्हणजे तेल हायड्रोजनेट करून घट्ट करताना तयार होणारी, दोन्हीकडून मारते: एलडीएल चढवते, चांगलं एचडीएल उतरवते. आपल्याकडं तेला-तुपातल्या ट्रान्स चरबीची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे.

"तिच्या जागी" हे शब्द महत्त्वाचे. तूप काढलं आणि भूक भागवायला भात, साखर, मैदा वाढवला तर फायदा होत नाही, उलट ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) चढतात. दारूनंही चढतात. रिपोर्टमध्ये एलडीएल ठीक आणि ट्रायग्लिसराइड तेवढे वर असतील तर कढईच्या आधी चहातली साखर बघा.

आता तेलांचे स्वभाव.

*शेंगतेल.* जवळपास निम्मी चरबी एकेरी असंपृक्त, संपृक्त वीस टक्क्यांच्या आत. रोजच्या फोडणीला आणि तळणाला दोन्हीकडं चालतं. उणीव एकच, ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक असंपृक्त चरबी) नाहीच म्हणायला हरकत नाही.

*सूर्यफूल आणि करडई.* संपृक्त कमी, ओमेगा-६ भरपूर: नेहमीच्या सूर्यफुलात साठ टक्क्यांच्या आसपास, करडईत त्याहून जास्त. एलडीएल उतरवायला मदत करतात. पण हीच चरबी उष्णतेनं लवकर बिघडते. भाजीला, चपातीला वापरा, तळणाला नको. करडईचं तेल "हृदयाचं" म्हणून आणायचं आणि त्यातच भजी तळायची, ही आमच्या गल्लीतली जुनी चूक.

*सोयाबीन.* संपृक्त पंधरा टक्के, आणि सातेक टक्के ओमेगा-३ आहे, जे शेंगतेलात नाही. त्यामुळं या दोघांची जोडी जमते. शेंग आणि सोयाबीन दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या शेतात पिकतात, हा योगायोग बरा आहे.

*तांदळाच्या कोंड्याचं तेल.* शेंगतेलासारखीच वाटणी, तळणाला टिकाऊ.

*मोहरी.* ओमेगा-३ चांगलं, पण वास सगळ्यांना मानवत नाही.

*पाम.* संपृक्त निम्म्याच्या आसपास. घरी क्वचितच येतं, बाहेरच्या फरसाणातून पोटात जातं.

*खोबरेल आणि तूप.* खोबरेलात संपृक्त नव्वद टक्क्यांच्या घरात, तुपात साठ-पासष्ट. वरणभातावर एक लहान चमचा तूप कुणाला मारत नाही. पण "साजूक आहे, अंगी लागतं" म्हणत चार चमचे घेतले तर यकृत साजूकपणा विचारत नाही.

*जवस.* ओमेगा-३ निम्म्याहून जास्त. तापवायचं नाही. जवसाची चटणी हीच त्याची उत्तम रीत. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा खाल्ला तर अंगाला थेट लागणारं ओमेगा-३ मिळतं. तळलेला बांगडा मात्र या हिशेबात अर्धाच धरा.

मी काय करतो? एक महिना शेंगतेल, एक महिना सोयाबीन, वर्षभर तुपाची छोटी बरणी. तळण शेंगतेलात. याहून गुंतागुंतीची योजना दोन महिन्यांपलीकडं टिकत नाही.

टप्पा ४: विकत घेताना

"कोलेस्टेरॉलमुक्त" हा शब्द वाचून जास्त पैसे देऊ नका. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉलचा प्रश्न नसतो. पिशवी उलटी करा आणि १०० ग्रॅममधली संपृक्त चरबी वाचा. मिश्र तेल असेल तर कुठलं तेल किती टक्के ते छापलेलं असतं. पुढं शेंगदाण्याचं मोठं चित्र आणि मागं त्याची टक्केवारी वीस, असं होऊ शकतं. सुटं तेल घेऊ नका.

घाण्याच्या तेलाबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, त्यात चरबी "हलकी" असते. तसं नाही. चरबीची वाटणी आणि कॅलरी रिफाइंडइतक्याच, वास, चव आणि ई जीवनसत्त्व जास्त शिल्लक राहतं. दोन, ते आपोआप शुद्ध असतं. ते दाण्यावर ठरतं. ओल लागलेल्या, बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं आणि घाण्यात गाळलं म्हणून जात नाही. घरच्या शेंगा नेत असाल तर खडखडीत वाळवा आणि काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे हातानं निवडा.

*तपासा:* एक लिटर घाण्याच्या शेंगतेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. लक्ष्मीपुरीच्या बाजारात दाण्याचा भाव विचारा आणि अडीचनं गुणा. पेंडीचे पैसे सुटतात हे धरूनही तेल त्या आकड्याच्या फारच खाली मिळत असेल तर ते निव्वळ शेंगतेल नाही.

तेल स्टीलच्या बंद डब्यात, अंधारात ठेवा. गॅसशेजारच्या पारदर्शक बाटलीत आठवड्यापुरतंच.

टप्पा ५: मटण, रस्सा आणि कट

कोल्हापुरात तेल कमी करायचं म्हटलं की पहिली धास्ती हीच: तर्री येणार नाही. येते. क्रम बदलावा लागतो.

मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळं रस्सा तयार झाल्यावर वरचं तेल काढलं तर रंग आणि निम्मी चव त्याच्याबरोबर जाते. "तेल काढलं, रस्सा फिका झाला" ही तक्रार खरी आहे. चरबी काढायची ती मसाल्याच्या आधी, अळणीतून, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनमसाल्याच्या पाण्यातून.

१. आदल्या रात्री मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून चमचाभर तेलावर परतून शिजवा. अळणी पाणी वेगळं काढा.

२. अळणी लवकर गार करा. मोठ्या परातीत पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं की काम होतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

३. सकाळी वर पांढरा घट्ट थर आलेला दिसेल. ती बोकडाची चरबी, बरीचशी संपृक्त, म्हणून थिजली. चमच्यानं काढा आणि वजन करा. पहिल्यांदा केलंत तर घरातल्या सगळ्यांना दाखवा, बोलायची गरज पडत नाही.

४. खोबरं, तीळ, खसखस कोरडंच भाजा. खोबरं स्वतःचं तेल सोडतं, वर आणखी घालायचं कारण नाही.

५. किलोभर मटणाला शेंगतेल ६० मिलि, म्हणजे लहान बारा चमचे. कांदा परतताना खाली लागला तर तेल नको, पाण्याचा हबका मारा. "तेल सुटेपर्यंत परता" म्हणजे मसाल्यातलं पाणी आटेपर्यंत परता. जास्त तेल घातलं की ते लवकर सुटल्यासारखं दिसतं आणि मसाला कच्चा राहतो.

६. कांदा-लसूण चटणी घालताना गॅस बारीक. धूर निघणाऱ्या तेलात पडली की करपते, रंग काळपट होतो, आणि तो झाकायला आपण अजून तेल ओततो. मध्यम तापलेल्या तेलात ब्याडगी मिरचीचा रंग अर्ध्या मिनिटात उतरतो.

७. मग अळणी ओता आणि खळखळून उकळा. वर येणारा लाल तवंग आता बोकडाच्या चरबीचा नाही, मोजलेल्या शेंगतेलाचा.

*थांबा:* चटणीत तेल आहे हे टप्पा २ मध्ये लिहिलंय. भरपूर चटणी घालणार असाल तर पायरी ५ मधलं तेल दोन-तीन चमचे कमी करा.

पांढऱ्या रश्शाला नारळाचं पहिलं घट्ट दूध कमी आणि दुसरं पातळ दूध जास्त घ्या. दाटपणा खसखस-तिळाच्या बारीक वाटणानं येतो. फार उकळू नका, फुटतो.

मिसळीला बाहेर गेलात तर वाढणाऱ्याला "कट वरचा नको, खालून ढवळून द्या" एवढं सांगा. पातेल्याच्या वरच्या पळीत बहुतांश तेल असतं. आणि दुसऱ्यांदा कट मागताना त्या सहा चमच्यांची आठवण ठेवा. मला राहत नाही, तुम्ही बघा.

टप्पा ६: तळण

कणकेचा छोटा गोळा तेलात टाका. तळाशीच बसला तर तेल थंड आहे, पदार्थ तेल पिईल. खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुडे सोडत वर आला तर बरोबर. टाकताक्षणी वर येऊन लाल झाला तर जास्त तापलंय. धूर दिसला की गॅस बंद. घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं, म्हणून मोठ्या तळणाला ते काढू नका.

कढईत कमी तेल घ्या, संपेल एवढंच. उरलं तर गार करून फडक्यातून गाळा आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला वापरून टाका. पुन्हा तळणाला घेऊ नका. राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही हाच आहे. लोखंडी कढईत तेल रात्रभर ठेवणं ही वाईट सवय, लोखंडाच्या संगतीनं तेल लवकर खवट होतं. जुन्या तेलात नवं ओतून "ताजं" करणं त्याहून वाईट.

काळसर, चिकट, फेसाळणारं किंवा मंद आचेवरच धुरावणारं तेल टाकायचंच. हॉटेलवाल्यांसाठी १ जुलै २०१८ पासून कायदेशीर मर्यादा आहे: तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर नकोत. घरी हे मोजायचं यंत्र नसतं, नाक आणि डोळे असतात. टाकताना मोरीत ओतू नका, तुंबते आणि शेवटी पंचगंगेला जाते. रद्दीत किंवा भुशात जिरवून कचऱ्यात द्या.

टप्पा ७: पुन्हा रक्त तपासणी

बदल सुरू केल्यावर दोन-तीन महिने थांबून लिपिड तपासणी करा. त्याच लॅबमध्ये, नऊ ते बारा तास उपाशी, पाणी चालतं. आखाडाच्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, ट्रायग्लिसराइड फसवतात. एकूण कोलेस्टेरॉलवर न थांबता एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड वेगवेगळे वाचा.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर तेल सुधारलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. काही घरांत एलडीएल आनुवंशिकच जास्त असतं, तिथं कढई कितीही कोरडी केली तरी आकडा पुरता उतरत नाही. मधुमेह, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास, गरोदरपण, दोन वर्षांखालचं मूल, यांच्यासाठी वरचे आकडे लागू नाहीत. त्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

नवा रिपोर्ट आला की वही बरोबर घेऊन जा. "तेल कमी केलंय" एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. "माणशी साठवरून तीसवर आलोय, दूध दोन पेल्यांवरून एकावर" असं सांगितलं की पुढचं बोलणं पाच मिनिटांत होतं.